निफाडचा आठवडा : पारा साडेचारवरून सोळावर आणि पुन्हा खाली

कादवाकाठ | सोमवार, सकाळी ७:५०

राम राम मंडळी. आपला मळा निफाडजवळ, कादवेच्या काठाला. दोन एकर थॉमसन द्राक्ष, मण्यात पाणी उतरलंय म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरतेय, खुड्याला (काढणीला) अजून बारा-पंधरा दिवस आहेत. काल पहाटे बागेतल्या तापमापकात साडेपाच होते, आज साडेचार.

हा तापमापक मी मधल्या ओळीत, घडांच्या उंचीवर बांधलाय. यू आकाराची नळी आहे. आतली बारीक सुई रात्रीच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर अडकून राहते. सकाळी आकडा वाचायचा आणि लोहचुंबकानं सुई परत पाऱ्याला टेकवायची, एवढंच काम. तीन हिवाळे झाले, एकही सकाळ चुकवलेली नाही.

आज बांधावरच्या गवतावरचं दहिवर पांढरंफटक झालं होतं. आधी वाटलं रात्री कुणी चुना सांडला. बोट टेकवलं तर बारीक कुरकुरलं आणि मग पाणी झालं. द्राक्षाच्या पानावर मात्र नुसतं पाणीच होतं.

अंदाजात बुधवारपासून ढगाळ दाखवतायत. म्हणजे आज थंडीसाठी शेकोट्या आणि परवा घडातलं पाणी झटकायला ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंखा), अशी वेळ येणार. या आठवड्यात ज्याच्या त्याच्या शिवारातला आकडा इथं टाकत चला, ही विनंती. पेपरात आकडा येतो तो एका जागेचा, आणि आपले निर्णय असतात आपापल्या बांधाचे.

गव्हाची_ओंबी | सोमवार, सकाळी ९:१५

दादा, फार चांगलं काम करताय. मी भूगोल शिकवते, माहेर नैताळ्याचं. दोन गोष्टी सांगते.

पेपरात "निफाड" म्हणून जो आकडा छापतात तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा. तिथला तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. रात्री आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारं पडलेलं असलं की जमीन आपली उष्णता सरळ वर सोडून देते. सगळ्यात आधी जमीन गार होते, मग तिला चिकटलेली हवा. म्हणून पेटीत चार-पाच अंश असले तरी गवताच्या पात्यावर शून्य होऊ शकतं. तुमचं दहिवर गोठलं ते याच कारणानं.

निफाड नाशिकपेक्षा गार का, हे मुलं दरवर्षी विचारतात. नाशिकच्या भिंती आणि डांबर रात्रभर ऊब सोडत राहतात. आपलं शिवार मोकळं, सपाट, नदीकाठचं. जड गार हवा पाण्यासारखी उताराला येते आणि इथं साचते. म्हणून कादवेच्या काठाला गावठाणापेक्षा जास्त गारठा.

एक करून बघा. दुसरा तापमापक घराच्या गच्चीवर लावा. आकडा बघून चकित व्हाल.

येवल्याची_आसारी | सोमवार, रात्री ९:३०

येवल्यात आजपासूनच गच्च्या भरल्यात. वारं दिवसभर उत्तरेचं, सरळ, एकाच ओढीचं. पतंग दक्षिणेला तणावून उभे होते. उद्या भोगी. वारं असंच राहिलं तर तीन दिवस मजा आहे. तुमच्या बागेसाठी मात्र हेच वारं गारठा आणतंय, हे कळतं.

पुण्यातली_लेक | सोमवार, रात्री १०:०५

हा धागा वाचून बाबांना लगेच फोन केला. ते उगावला एकटेच असतात, दम्याचा त्रास आहे. पहाटे पाच वाजता मोटर चालू करायला जातात, सांगून ऐकत नाहीत. खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपतो म्हणाले. काय करावं?

गव्हाची_ओंबी | सोमवार, रात्री १०:२०

ताई, आत्ताच्या आत्ता परत फोन करा आणि शेगडी बाहेर ठेवायला सांगा. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही. खोली उबदार करायची तर झोपण्याआधी, दार-खिडकी उघडी ठेवून, आणि झोपताना शेगडी घराबाहेर. रात्री गरम पाण्याची पिशवी आणि दोन गोधड्या पुरतात. पहाटेच्या मोटरीचं काम शेजारच्या कुणाला तरी सांगा, गावात कुणी नाही म्हणणार नाही.

पुण्यातली_लेक | सोमवार, रात्री १०:४५

शेगडी ओट्यावर ठेवली. शेजारच्या काकांनी मोटरीचं पण कबूल केलं. खूप आभार.

कादवाकाठ | मंगळवार (भोगी), सकाळी ८:१०

बाग : ५. गच्ची : ९.

ओंबीताई, खरंच चकित झालो. घर बागेपासून दीडशे पावलांवर. गच्ची जेमतेम वीस फुटांची. चार अंशांचा फरक! म्हणजे ऊब आपल्या डोक्यावरच असते आणि घड खाली गारठ्यात बुडालेले असतात.

पहाटे चार ते सहा ड्रिप सोडली होती. विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, आणि ओली जमीन कोरड्यापेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. शेकोट्याही केल्या. आधी बांधावर उसाच्या पाचटाचा एकच मोठा ढीग पेटवायचो, भरपूर धूर व्हायचा, समाधान वाटायचं. यंदा ओळींच्या मधे लहान लहान अठरा शेकोट्या केल्या. शेकोट्यांजवळच्या ओळीत तापमापक धरून बघितला, सव्वा-दीड अंश वर होता.

गव्हाची_ओंबी | मंगळवार, सकाळी ९:४०

लहान शेकोट्यांचं अगदी बरोबर. जमिनीतून निसटणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. काम करते ती आगीची ऊब, आणि तिच्यामुळे वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळते ते. मोठा जाळ केला तर गरम हवा बाणासारखी वर निघून जाते आणि बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. लहान शेकोट्या, जास्त जागी, हेच खरं.

येवल्याची_आसारी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

वारं फिरलं! दुपारी तीनपर्यंत पतंग दक्षिणेला होते. मग अर्धा तास सगळे पडलेच, आम्ही आसारी (मांज्याची फिरकी) हातात घेऊन नुसते उभे. साडेतीन-पावणेचारला परत उठले ते थेट वायव्येकडे. म्हणजे वारं आग्नेयेचं झालं. माझे आजोबा म्हणायचे, पतंगानं तोंड फिरवलं की दुसऱ्या दिवशी आभाळ येतं.

आणि आत्ता चंद्राला मोठं खळं पडलंय.

कादवाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

इकडूनही दिसतंय. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी ताटात होती, तेवढ्यात आईनं अंगणातून हाक मारली. मोठं खळं, पाऊस जवळ, असं ती म्हणते. जीव खाली-वर झाला बघा. थंडीला आमची तयारी असते. आभाळाची नसते.

गव्हाची_ओंबी | मंगळवार, रात्री ८:१५

आजोबा आणि आई दोघांचंही बरोबर. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात सरकतोय. तो भूमध्य समुद्राकडून येतो, हिमालयात बर्फ पाडतो. पुढे सरकताना त्याच्या आघाडीला आपल्याकडचं उत्तरेचं कोरडं वारं तुटतं, दक्षिण-आग्नेयेकडून दमट हवा घुसते. आधी उंचावरचे बर्फकणांचे पातळ ढग येतात, चंद्राचं खळं त्यांच्यातूनच दिसतं. ढगांची गोधडी पसरली की रात्रीचा पारा झटक्यात चढतो. झंझावात पुढे गेला की मागून पुन्हा उत्तरेचं वारं, म्हणजे पुन्हा कडाका. शुक्रवार-शनिवारपर्यंत हे चालेल असं वाटतं.

कादवाकाठ | बुधवार (संक्रांत), सकाळी ७:३०

बाग : १३. गच्ची : १३.५.

एका रात्रीत आठ अंश. फरकही मिटला. सकाळी उठलो तर स्वेटर नको वाटला. आभाळ राखेसारखं, एकसारखं. सगळ्यांना तिळगूळ घ्या.

सावळजचा_बाग | बुधवार, सकाळी १०:२५

तिळगूळ घ्या दादा. आमच्याकडं तासगाव भागात पण आभाळ भरून आलंय. तुमचा माल तयार व्हायला आलाय म्हणून सांगतो, आत्ता घाबरून फवारे मारत बसू नका. पाणी उतरलेल्या मण्याला डाऊनीची (केवडा रोगाची) भीती कमी असते, आणि खुड्याच्या तोंडावर औषध मारलं तर त्याचा अंश मालात राहतो, तपासणीत नमुना नापास होतो. ज्यांची छाटणी उशिराची आहे, मणी अजून बाजरी-ज्वारीएवढा आहे, त्यांनी मात्र आजच सावध व्हायचं.

पाऊस पडलाच तर पहिलं काम : टाकी रिकामी करून नुसत्या वाऱ्यावर ब्लोअर फिरवायचा, घडातलं पाणी झटकायचं. पाणी घडाच्या पोटात जितका वेळ थांबेल तितके मणी तडकणार. आणि ड्रिप पूर्ण बंद ठेवा. कोरड्या मुळीला एकदम पाणी मिळालं की मणी आतून फुगतो आणि सालीला ते झेपत नाही.

लासलगावचा_कांदा | बुधवार, दुपारी १:००

द्राक्षाचं सगळे बोलतात म्हणून लिहितो, कांद्याचंही ऐका. उन्हाळ कांद्याची लागवड पंधरा दिवसांची झालीय. या हवेत पातीवर करपा आणि फुलकिडे दोन्ही येणार. खळ्यावर काढून पडलेला रांगडा कांदा आहे, तो झाकू की वाळू देऊ हेच कळत नाही. झाकला तर वाफ धरतो, उघडा ठेवला तर भिजतो. आज तिसऱ्यांदा ताडपत्री काढली.

कादवाकाठ | बुधवार, दुपारी १:२०

भाऊ, संध्याकाळी कापड टाका, सकाळी काढा. शक्य असलं तर खाली बांबू किंवा विटा लावून ढीग जमिनीपासून वर घ्या, खालून वारं खेळलं पाहिजे. अजून कुणाला माहीत असेल तर सांगा.

देवगडचा_मोहोर | बुधवार, रात्री ९:१०

आमच्याकडे कोकणात बर्फाचं कौतुक नाही, पण ही चढउतार आम्हालाही तेवढीच भोवते. पहिल्या थंडीत हापूस मोहोरतो. ढग आले की मोहोरावर तुडतुडा आणि भुरी. ते निभावून वाटाण्याएवढी फळं धरावीत, तोवर पुन्हा थंडीचा झटका येतो आणि त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो. झाड आपली ताकद नव्या मोहोराला देतं आणि आधीची कैरी गळून पडते. पुनर्मोहोर म्हणतात याला. सलग थंडी परवडते, दोनदा येणारी थंडी नाही.

कादवाकाठ | बुधवार, रात्री ९:४०

माझ्या मनातलं बोललात. निफाडची थंडी म्हणून टीव्हीवाले येतात, पांढऱ्या गवताचे फोटो काढतात. डिसेंबर २०१८ ला दव गोठलं तेव्हाही आले होते. पण सलग गारठ्यात मणी नुसता थांबतो, फुगवण आणि गोडी आठ-दहा दिवस पुढे जाते. ते सोसता येतं. नुकसान होतं ते या हेलकाव्यानं.

कादवाकाठ | गुरुवार, पहाटे ५:१५

बाग : १६. रात्री पावणेदोनला पत्र्यावर थेंब वाजले आणि झोप उडाली. भुरभुर होती, साडेतीनपर्यंत. मोठा पाऊस नाही, पण घड भिजलेत.

ज्यांना कळायचं नाही त्यांच्यासाठी सांगतो, रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की निफाड तालुक्यात कुणी झोपत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार अजून अंगावर काटा आणतो. त्या गारपिटीत आमच्या पाहुण्यांची बाग अर्ध्या तासात नुसत्या काड्यांवर आली. घड जमिनीवर, पानं चाळणी. त्यांचा धाकटा सकाळपर्यंत बांधावरच बसून होता.

आता ब्लोअर काढतो. उजाडायची वाट बघत नाही.

सावळजचा_बाग | गुरुवार, सकाळी ६:३०

हळू फिरवा, गियर कमी ठेवा. जोरात वारं मारलं तर मणी एकमेकांवर घासतात आणि डाग पडतात. झालं की कळवा.

कादवाकाठ | गुरुवार, सकाळी ११:५०

पूर्ण बाग दोनदा झटकली. बायको आणि भाऊ पुढे चालत तारा हलवत होते, मागून मी ट्रॅक्टर घेऊन. एक घड उलटा करून बघितला तर पोटातून निदान चहाचा अर्धा कप पाणी निघालं. वरून कोरडा दिसत होता! नुसतं वरून बघून ठरवू नका, घड हातात घ्या.

कडेच्या दोन ओळीत तडकलेले मणी सापडले. देठाजवळ चंद्रकोरीसारखी बारीक चीर, त्यातून रस आलेला, लगेच चिलटं बसलेली. असे मणी कात्रीनं काढून बादलीत घेतोय. एक कुजला तर अख्खा घड वास धरतो.

लासलगावचा_कांदा | गुरुवार, दुपारी २:१५

रात्री कापड टाकलं होतं, कांदा वाचला. खाली विटा लावल्या. आभार दादा.

पाणथळ | शुक्रवार, सकाळी ९:०५

मी शेतकरी नाही, पक्षी बघतो. आज नांदूरमध्यमेश्वरला होतो. गोदावरी-कादवेच्या संगमावर इतकी धुई की मनोऱ्यावरून खालचं पाणी दिसेना. साडेआठपर्यंत नुसते आवाज. मग धुई वर उचलली आणि एकदम शेकडो चक्रवाक आणि थापट्या समोर. क्रौंच हरभऱ्याच्या रानात उतरले होते. पण येताना रस्त्यानं बघितलं, प्रत्येक बागेत माणसं कात्री घेऊन उभी होती. तुमचा धागा वाचला नसता तर ती काय करतायत ते कळलं नसतं.

गव्हाची_ओंबी | शुक्रवार, सकाळी १०:००

काल पहाटेच्या भुरभुरीनं जमीन ओली, त्यावर रात्री आभाळ उघडलं आणि वारं पडलं. धुई येणारच होती. तिच्या मागोमाग कडाका येतोय, तयारीत राहा. आणि गव्हाचं सांगायचं राहिलं : ही थंडी गव्हाला मानवते, फुटवे वाढतात. कुंदेवाडीनं त्र्यंबक, नेत्रावती, फुले समाधान यांसारखे वाण दिले ते याच मातीतून. फक्त ढगाळ दिवसांनंतर मावा आणि तांबेऱ्यासाठी पानं उलटून बघा.

कादवाकाठ | शनिवार, सकाळी ८:००

बाग : ८. गच्ची : ११. वारं परत उत्तरेचं. येवलेकर, बरोबर ना?

येवल्याची_आसारी | शनिवार, सकाळी ८:४०

बरोबर. सण झाला, पण पोरं अजून गच्चीवरच आहेत. पतंग दक्षिणेला.

कादवाकाठ | रविवार, सकाळी ८:२०

बाग : ४.५. गच्ची : ९. दुपारी २९ पर्यंत जाईल असा अंदाज. म्हणजे एका दिवसात चोवीस-पंचवीस अंश. थॉमसनच्या मण्यावर गुलाबी छटा यायला एवढी तफावत पुरे होते. खायला तोच मणी गोड, पण पिंक बेरी म्हणून निर्यातीतून बाहेर. पाणी उतरायच्या आधी ज्या सहा ओळींना कागद गुंडाळला होता त्या हिरव्यागार आहेत. बाकीच्यांत तुरळक गुलाबी दिसायला लागली. पुढच्या वर्षी सगळ्या बागेला कागद, मजुरी कितीही लागो.

काल एक व्यापारी येऊन गेला. पाऊस झाला ना, म्हणत आधी बोललेल्या भावातून बरंच तोडून मागायला लागला. मी वही काढली. किती वाजता थेंब आले, किती वाजता ब्लोअर फिरवला, कुठल्या ओळीत किती मणी काढले, सगळं लिहिलेलं. त्याला कडेच्या दोन ओळी आणि मधल्या ओळी वेगवेगळ्या दाखवल्या. कडेच्या ओळींचा भाव कमी केला, मधल्यांचा आधीचाच राहिला. वही नसती तर सगळ्याच बागेला एकच भाव लागला असता.

पुण्यातली_लेक | रविवार, सकाळी ९:३०

दादा, पिकविम्याला ही वही चालते का? बाबांचा पण विमा आहे.

कादवाकाठ | रविवार, सकाळी १०:१०

नाही ताई. हवामानावरच्या फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतात, आपल्या बागेतला नाही. पण गारपिटीचं नुकसान असलं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, तिथं फोटो आणि वेळ लिहिलेली असली की आपण अडखळत नाही. आणि चार-पाच हिवाळ्यांच्या वह्या एकत्र झाल्या की मंडळाचा आकडा आणि आपला बांध यात नेहमी किती फरक पडतो, हे आपल्याला पुराव्यानं बोलता येईल. एकट्याच्या वहीनं कुणी ऐकणार नाही. दहा गावांच्या झाल्या तर ऐकावं लागेल.

म्हणून परत सांगतो, तापमापक घ्या. कृषी सेवा केंद्रात नसला तर शाळेला प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. उन्हात टांगू नका, पानांच्या सावलीत, घडाच्या उंचीवर. रोज एकाच वेळी वाचा.

पुण्यातली_लेक | सोमवार, सकाळी ७:१०

बाबांना काल शेजारच्या काकांनी एक आणून दिला. आज स्वतः ओट्यावरून वाचून फोनवर सांगितला, आवाजात उत्साह होता. उगाव, ओटा : ८. बागेत उद्यापासून काका लावणार आहेत.

रानवडची_वाट | सोमवार, सकाळी ७:२५

आठवडाभर नुसता वाचत होतो. रानवड, बाग : ५.५. गवत पांढरं नाही, पण दहिवर भरपूर.

लासलगावचा_कांदा | सोमवार, सकाळी ७:४०

लासलगाव, कांद्याचं रान, जमिनीपासून हातभर : ४. कांदा उघडा केला, वाळतोय.

कादवाकाठ | सोमवार, सकाळी ७:५५

बाग : ५. गच्ची : ९. रानवडकर, तुमची बाग ओढ्याच्या कोणत्या अंगाला आहे? उंचवट्यावर आहे का?